सातव्या सामन्याची सकाळ

"किती वेळा गुंडाळणार आहेस ती पट्टी?" मी विचारले.

श्रीरंगने मान वर केली नाही. स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर तो बसला होता. हॉकीची स्टिक मांड्यांवर आडवी घेऊन तिच्या पात्यावर तो काळी कापडी चिकटपट्टी गुंडाळीत होता. एक वेढा दुसऱ्यावर अर्धा चढलेला, मध्ये सुरकुती नाही. माझ्या नातवाचे नाक दोनदा मोडलेले आणि हात सुताराला शोभावेत असे होते. पण हे काम मात्र तो देवापुढच्या वाती वळाव्यात तशा निगुतीने करी.

"पहिल्यांदाच तर गुंडाळतोय, आजी," तो म्हणाला.

तो तिसऱ्यांदा गुंडाळीत होता. दोनदा त्याने काम पुरे करून पट्टी तोडली होती, पाते डोळ्यांसमोर धरून पाहिले होते, आणि दोनदा ती सगळी उलगडून जमिनीवर टाकून पुन्हा आरंभ केला होता.

माझी सून नलिनी शेगडीजवळून आली. खाली पडलेला तो काळा गुंता तिने उचलला, मुठीत दाबला आणि अंगातल्या लोकरी जाकिटाच्या खिशात घातला. कचऱ्याचा डबा तिच्या पायाशीच होता.

"सामन्याच्या आधी असंच होतं त्याचं," ती म्हणाली. "मन थाऱ्यावर नसतं. तुम्ही बैठकीत जाऊन बसा ना, सासूबाई."

"मी इथे बरी आहे."

"तुम्ही समोर असलात की त्याला काही सुचत नाही."

"एकतीस वर्षं सुचत आलंय. आजच काय झालं?"

नलिनीने शेगडीवरचे झाकण आवश्यकतेपेक्षा जोरात ठेवले. त्या आवाजाने श्रीरंगने डोळे घट्ट मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. ते मी पाहिले. तिनेही पाहिले.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीच्या एप्रिलातली. आम्ही खानझोडे मूळचे चंद्रपूरकडचे. माझे यजमान बल्लारपूरच्या कागद गिरणीत होते. तेथून कॅनडात थंडर बे या गावच्या गिरणीत आले आणि येताना मला व लहानग्या विनायकाला घेऊन आले. विनायकासाठी सून मी स्वतः अमरावतीला जाऊन निवडली. मला माझ्या तोडीची हवी होती. तशीच मिळाली, त्याबद्दल मी कोणाकडे तक्रार करू शकत नाही. विनायकाने उभ्या आयुष्यात माझ्यापुढे आवाज चढवला नाही आणि तिच्यापुढेही नाही. त्यामुळे घरातली सगळी भांडणे आम्हा दोघींनाच करावी लागली.

एक मात्र स्पष्ट सांगते. श्रीरंगच्या खेळाला, त्या बर्फावरच्या हॉकीला, माझा विरोध कधीच नव्हता. त्या गावात बर्फ सहा महिने असतो आणि मुलगे चालायला लागले की त्यावर घसरायलाही लागतात. त्याला पहाटे अंधारात रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, नेण्याचे काम नलिनीने केले, एक दिवस न चुकवता. सोळाव्या वर्षी तो घर सोडून गेला. तिकडे तशीच रीत आहे, होतकरू मुलांनी परगावच्या संघात जायचे आणि तिथल्या एखाद्या परक्या कुटुंबाच्या घरी राहायचे. नलिनी त्या रात्री जेवली नाही. मी जेवले, आणि तिलाही जेवायला लावले. पुढे सात वर्षे तो खालच्या दर्जाच्या संघांतून, बसगाड्यांतून झोपत, गावोगाव खेळला. अखेर एका मोठ्या क्लबाने त्याला घेतले. त्या क्लबाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तेवढाही मान त्यांना द्यायची माझी इच्छा नाही.

तो बचावपटू होता. गोल करणाऱ्यांची छायाचित्रे छापून येतात. बचावपटूचे काम गोल होऊ न देण्याचे आणि तेही उलटे घसरत. समोरचा गडी वाऱ्यासारखा येतो, रबरी चकती कधी डावीकडे तर कधी उजवीकडे खेळवतो, आणि चकतीकडे पाहणारा हमखास फसतो. "छातीकडे बघायचं, आजी," श्रीरंगने मला एकदा समजावले होते. "चकती हुलकावणी देते, डोळे देतात, पाय देतात. छाती जिकडे वळली, तिकडेच माणूस जाणार." मी कोणतीही गोष्ट एकदाच ऐकते. तेव्हापासून मीही छातीकडेच पाहू लागले, आणि शेजारच्या प्रेक्षकांच्या आधी मला कळू लागले.

त्याचे सहकारी त्याला 'झोडी' म्हणत. निवेदकाला आमचे आडनाव कधीच उच्चारता आले नाही. तिकडे टॅक्सी चालवणारे बहुधा आपल्या देशातले; एकदा मागच्या रांगेतला एक तरुण श्रीरंगला उद्देशून ओरडला, "टॅक्सी काढ रे, घरी जायचंय!" मी वळून त्याच्याकडे पाहू लागले आणि पाहतच राहिले. दुसऱ्या डावात तो जागा बदलून गेला.

तर त्या एप्रिलात बाद फेरी चालू होती. सात सामन्यांची मालिका तीन-तीन अशी बरोबरीत होती आणि सातवा सामना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होता. मी आणि नलिनी श्रीरंगच्या घरी राहायला आलो होतो; विनायक थंडर बेलाच थांबला होता. सहाव्या सामन्यात त्याला काचेलगत गाठून एका धिप्पाड गड्याने कोपर हाणले होते. श्रीरंगचे डोके काचेवर आपटले. तो पडला, उठला, आणि समोरच्या संघाच्या बाकाकडे जाऊन तिथे बसू लागला. त्या लोकांनी त्याला हसत हसत परत पाठवले. सगळे प्रेक्षक हसले.

"गंमत केली त्यानं," नलिनी म्हणाली होती.

"त्याला गंमत करता येत नाही," मी म्हणाले होते. "तो विनायकावर गेलाय."

पट्टी गुंडाळली त्याच दिवशी संध्याकाळी चहाच्या वेळी क्लबाचे व्यवस्थापक आले. मॅक्रे त्यांचे नाव. एकेकाळचे खेळाडू, बोटे वेडीवाकडी, पुढचे दात नवे. आमचे बोलणे अर्थातच इंग्रजीत झाले.

"कशा आहात, ग्रँडमा?" त्यांनी विचारले.

"मी तुमची आजी नाही. मिसेस खानझोडे म्हणा. म्हणता येत नसेल तर नुसते मॅडम चालेल."

ते हसले. मी हसले नाही. त्यांनी खिशातून उद्याची तिकिटे काढली, अगदी काचेलगतच्या खुर्च्यांची.

"मला वरून नीट दिसते," मी म्हणाले.

नलिनीने तिकिटे घेतली आणि आभार मानले. मॅक्रे श्रीरंगसमोर बसले. "झोडी, कसं आहे डोकं?"

"उत्तम."

"उद्या सकाळी डॉक्टरबाई ती संगणकावरची परीक्षा घेतील. नियमच आहे. मोसमाआधी सप्टेंबरात सगळ्यांची घेतली तीच. तेव्हाचे गुण आणि उद्याचे गुण जुळले की झालं, संध्याकाळी तू बर्फावर." मग ते माझ्याकडे वळले. "आमच्या काळी असलं काही नव्हतं, मॅडम. डोकं आपटलं की बर्फाचा खडा लावायचा आणि परत मैदानात. काही झालं का आम्हाला? तर उद्या डॉक्टरबाई परीक्षा घेतील, नियमच आहे."

"हे तुम्ही आत्ताच सांगितलेत," मी म्हणाले.

मॅक्रे लाल झाले. नलिनी मराठीत पुटपुटली, "पाहुण्यांशी असं बोलतात?"

"पाहुण्याला पाहुणचार, गिऱ्हाइकाला दुसरं काही," मी मराठीतच म्हणाले. "हा आपल्या घरचा माल घ्यायला आलाय."

"तुमचा नातू योद्धा आहे," मॅक्रे उठता उठता म्हणाले. "आमच्या भागात योद्ध्यांना अडवत नाहीत."

"युद्ध असते तर मी त्याला ओवाळून पाठवले असते," मी म्हणाले. "तुमचा हा खेळ आहे आणि तुम्ही त्याची तिकिटे विकता."

ते गेल्यावर नलिनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कमरेवर हात. लग्न होऊन आली तेव्हापासून रागावली की अशीच उभी राहते.

"हे बघा, सासूबाई. हा त्याचा शेवटचा मोसम आहे. पुढच्या वर्षी कोणी घेणार नाही, त्याला माहितीये, मलाही माहितीये. आयुष्यात पहिल्यांदा तो इतक्या वर पोचलाय. उद्या जिंकले तर करंडकाच्या शेवटच्या फेरीत जातो तो. एकदा तरी जाऊ द्या त्याला."

"कुठे जाऊ देऊ?"

"बर्फावर!"

"तो शुद्धीवर असेल तर जाईल."

"शुद्धीवरच आहे तो. तुम्हाला नाहीये बघवत, की माझ्या हातून काहीतरी धड झालं."

हे ती मनापासून म्हणाली. मी तिला म्हटले, "खिशात काय आहे ते काढून टेबलावर ठेव, मग बोलू." तिने जाकिटाच्या खिशावर हात ठेवला आणि ती खोलीतून निघून गेली.

दिवे लागल्यावर श्रीरंग माझ्या खोलीत आला. दिवा लावू नकोस, म्हणाला, उजेड टोचतो. पलंगाच्या कडेला बसला. त्याच्या वजनाने गादी इतकी कलली की मला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"आजी, उद्या डॉक्टरबाई घरच्या माणसालाही बोलावतायत. प्रश्न विचारतात, झोप कशी, चिडचिड होते का, असलं. मम्मी येणार आहे."

"मीही येणार."

"ते माहितीये मला. म्हणूनच आलो." तो माझ्याकडे वाकला. "ती सप्टेंबरातली गोष्ट काढू नकोस."

मी पांघरूण सारखे केले.

"शब्द दे मला."

"मी शब्द देत नसते. तुझ्या आजोबांनाही कधी दिला नाही."

"आजी, मी आयुष्यभर दुसऱ्यांचे गोल अडवले. माझ्या नावावर काय आहे? काहीच नाही. एक सामना मागतोय."

"डोकं दुखतंय का?"

"नाही."

"खरं सांग."

"दुखत नाहीये, म्हटलं ना!" तो इतक्या जोरात ओरडला की खालून नलिनी "काय झालं?" म्हणून धावत आली. श्रीरंग माझ्यावर त्याआधी कधी ओरडला नव्हता. त्याचे त्यालाच आश्चर्य वाटले असावे. तो उठला, दाराऐवजी कपाटाकडे गेला, कपाटाची मूठ धरली, सोडली, आणि मग दार शोधून बाहेर पडला.

नलिनी दारात उभी होती. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले.

"अंधार होता," ती म्हणाली.

सकाळी आम्ही तिघे रिंकवर गेलो. डॉक्टरांची खोली तळमजल्यावर होती, खेळाडूंच्या कपड्यांच्या खोलीपलीकडे. डॉक्टर लँड्री क्यूबेककडच्या, चाळिशीतल्या, त्याच वर्षी नेमलेल्या. फार हसत नसत. मला त्या आवडल्या. मॅक्रेही तिथे आले होते. त्यांना कोणी बोलावले नव्हते. ते दाराला टेकून उभे राहिले.

श्रीरंगची संगणकावरची परीक्षा आतल्या खोलीत झाली. शब्द लक्षात ठेवायचे, आकृत्या ओळखायच्या, महिने उलटे म्हणायचे. बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला.

"गुण जुळतात," त्या म्हणाल्या. "सप्टेंबरात जेवढे होते जवळजवळ तेवढेच. एखादा जास्तच."

"बघा!" मॅक्रे म्हणाले.

"मला घरच्यांना काही विचारायचे आहे." डॉक्टर नलिनीकडे वळल्या. "झोप?"

"छान झोपला."

"उजेडाचा त्रास?"

"नाही."

"विसराळूपणा? तीच तीच गोष्ट पुन्हा करणे?"

"अजिबात नाही," नलिनी म्हणाली. तिचा आवाज किंचितही हलला नाही. मी तिची निवड उगाच केली नव्हती.

"काल दुपारी त्याने एकच पट्टी तीनदा गुंडाळली," मी म्हणाले. "तिसऱ्यांदाही तो म्हणाला की पहिल्यांदाच गुंडाळतो आहे. रात्री त्याला खोलीचे दार सापडले नाही. उजेड सहन होत नाही."

नलिनीने हसून डॉक्टरांकडे पाहिले. "माझ्या सासूबाई. वय झालंय. त्यांना इंग्रजी नीट समजत नाही."

"डॉक्टर, माझे इंग्रजी तुमच्यापेक्षा जुने आहे," मी म्हणाले, इंग्रजीत. "आता दुसरी गोष्ट ऐका. सप्टेंबरातले गुण खोटे आहेत."

"आजी, बस्स!" श्रीरंग मराठीत म्हणाला.

"सप्टेंबरात तो एका दिवसासाठी घरी आला होता. पुरणपोळी जेवता जेवता त्याने आम्हाला सांगितले की परीक्षेत मुद्दाम नापास होऊन आलो. उत्तरे ठाऊक असताना चुकीची दिली. डोके शाबूत असताना कमी गुण घेऊन ठेवले की पुढे डोके फुटले तरी गुण जुळतात, म्हणाला. जुने खेळाडू असेच करतात, म्हणाला. सगळे हसले. तुम्ही आज जुळवलेत ते एका शाबूत माणसाचे सोंग आणि एका जखमी माणसाचे खरे गुण."

पहिले मॅक्रे बोलले, आणि ते बोलले नसते तर त्यांच्या हिताचे झाले असते.

"अहो, सगळेच करतात ते!"

डॉक्टर सावकाश त्यांच्याकडे वळल्या. "काय म्हणालात?"

"म्हणजे, लोक म्हणतात तसं. अफवा असतात."

"झोडी?" डॉक्टरांनी विचारले. "हे खरे आहे का?"

श्रीरंगने माझ्याकडे पाहिले नाही. "आजीचा गैरसमज झालाय. मी असं काही बोललो नव्हतो."

माझ्या तोंडावर माझ्या नातवाने मला खोटे पाडले. नलिनीने खाली पाहिले. डॉक्टर टेबलावर बोट वाजवत राहिल्या. "मॅडम, एकीकडे तुमचा शब्द आहे, दुसरीकडे त्यांचा. माझ्यासमोर फक्त गुण आहेत. गुणांवरूनच मला ठरवावे लागते."

"ठीक आहे," मी म्हणाले. "तुमची परीक्षा झाली. आता माझी होऊ द्या."

मी खुर्चीत सरळ बसले. "श्रीरंग, उभा राहा."

तो उभा राहिला. बर्फावर त्याच्यासमोर यायला लोक कचरत. पण तो उभा राहिला.

"तेराचा पाढा म्हण."

"आजी, काय चाललंय हे?"

"म्हण."

लहानपणी आमच्या घरात नियम होता. बुटांच्या नाड्या बांधण्याआधी पाढा. बाहेर गाडीचे इंजिन चालू असे, नलिनी हॉर्न वाजवीत असे, आणि हा एका पायात बूट घालून, भिंतीला टेकून घडाघडा पाढे म्हणत असे. एकोणतीसपर्यंत. झोपेतून उठवला तरी म्हणत असे.

तो हसला. मॅक्रेंकडे पाहून खांदे उडवले, म्हातारीची समजूत घालतो अशा थाटात.

"तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. तेरा त्रिक एकोणचाळीस." तो झपाट्याने म्हणत होता. "तेरा चोक बावन्न. तेरा पाची..."

तो थांबला.

"तेरा पाची," तो पुन्हा म्हणाला.

मी त्याच्या छातीकडे पाहत होते. ती एकदा वर गेली आणि तशीच राहिली. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू अजून होते, पण त्याला ते काढायचे सुचत नव्हते. त्याने खोलीभर नजर फिरवली, जणू उत्तर कुठल्यातरी भिंतीवर लिहिलेले होते. डॉक्टरांना मराठी येत नव्हते. तरी त्या जागेवरून अर्ध्या उठल्या होत्या.

"तेरा पाची..."

"पासष्ट," नलिनी कुजबुजली.

वर्गात शेजारच्या पोराने सांगावे तशी, ओठ न हलवता. पण खोली लहान होती.

"तेरा पाची पासष्ट!" श्रीरंग सुटल्यासारखा म्हणाला, आणि पुढे पुन्हा थांबला.

डॉक्टरांनी मला विचारले, "हे काय आहे?"

"पाढा. आठव्या वर्षापासून त्याला पाठ आहे."

"आणि आत्ता मध्ये कोण बोलले?"

कोणीच उत्तर दिले नाही. मीही नाही. डॉक्टर नलिनीकडे पाहत होत्या. नलिनीचा हात तिच्या तोंडावर गेला होता.

डॉक्टर लँड्रींनी संगणकाचे झाकण मिटले. "आज नाही," त्या म्हणाल्या. "यंदा नाही. पुढचे मेंदूचे तज्ज्ञ ठरवतील. पण माझे मत विचाराल तर पुन्हा कधीच नाही."

मॅक्रे खूप काही बोलले. संघ, शहर, विकली गेलेली तिकिटे, वकील. डॉक्टरांनी त्यांना बाहेर जायला सांगितले. ते गेले नाहीत, तेव्हा त्यांनी दार उघडून धरले आणि ते जाईपर्यंत तसेच धरून ठेवले.

श्रीरंग माझ्याजवळ आला. खाली वाकला. मला वाटले, पाया पडतो आहे. त्याने माझ्या कानाशी तोंड आणले.

"यापुढे माझ्याशी बोलू नकोस," तो म्हणाला.

"बरं," मी म्हणाले.

तो आपले सामान आणायला गेला. आम्ही दोघी बोळात उभ्या राहिलो. भिंतीपलीकडे बर्फ सारखा करणारे यंत्र फिरत होते. नलिनी रडत नव्हती. मी तिला रडताना कधी पाहिले नाही.

"मी त्याला वाढवला," ती म्हणाली. "अंधारात, थंडीत, गाडीच्या काचा खरवडून. हाताला भेगा पडायच्या माझ्या. तुम्ही आत गरम घरात असायचात. आणि आज तुम्ही एका वाक्यात संपवलंत सगळं."

"एका नाही," मी म्हणाले. "पाच ओळींत. आणि पाचवी तू म्हणालीस."

तिने माझ्याकडे असे पाहिले की दुसरी कोणी असती तर मागे सरली असती.

"सप्टेंबरात का नाही बोललात? तेव्हा तर पोळी वाढून घेत होतात!"

"तेव्हा त्याचं डोकं जाग्यावर होतं. शहाण्या माणसानं खोटं बोलायचं ठरवलं तर तो त्याचा प्रश्न. काल तो शहाणा नव्हता, आणि त्याच्या वतीनं तू खोटं बोलत होतीस."

"त्याला खेळायचं होतं!"

"त्याला कपाट कुठलं आणि दार कुठलं हे कळत नव्हतं, नलिनी."

लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्यापाशी उत्तर नव्हते, आणि मला त्याचा जो आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही.

संध्याकाळी संघ हरला. शेवटचा गोल डाव्या अंगाने झाला, श्रीरंग जिथे उभा राहत असे त्याच जागेवरून. हे मॅक्रेंनी मला मुद्दाम दूरध्वनी करून कळवले. मी त्यांना सांगितले की मी दूरदर्शनवर पाहिला आहे आणि त्यांचा नवा बचावपटू चकतीकडे बघत होता.

श्रीरंग पुन्हा कधी खेळला नाही. पहिले वर्ष वाईट गेले. काळे पडदे लावलेली खोली, ओकाऱ्या, कधी हंबरडा, कधी तासन्‌तास मौन. ते सगळे नलिनीने निभावले. मला त्याने त्या खोलीत येऊ दिले नाही. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसत असे. मग हळूहळू तो सावरला. आता पश्चिमेकडच्या एका लहान गावात शाळकरी मुलांचा संघ सांभाळतो, गाडी चालवतो, घराचे हिशेब ठेवतो. लग्न झाले; मुलगी झाली. तिला मी छायाचित्रात पाहिले आहे. नाक आमचे आहे.

त्याने आपला शब्द पाळला. माझ्याशी तो बोललेला नाही. मीही माझा पाळला.

नलिनी तिकडेच त्यांच्याजवळ राहते आणि दर रविवारी मला फोन करते. प्रकृतीची चौकशी करण्याच्या नावाखाली आम्ही भांडतो. गेल्या रविवारी तिचा स्वर वेगळा होता.

"परवा जेवताना पुन्हा ती सकाळ निघाली," ती म्हणाली. "मुलीनं विचारलं, पणजी आपल्याकडे का येत नाही. मग काय, सुरूच झाला तो."

"काय म्हणाला?"

"सगळं. तुम्ही कुठली साडी नेसला होतात, कुठल्या खुर्चीत बसलात. मॅक्रे कसा दाराला टेकला होता. डॉक्टरबाईच्या टेबलावर काय काय होतं. कोण कोणाला काय बोललं, आधी काय आणि नंतर काय. माझं बोलणं, तुमचं बोलणं, बोळातलंसुद्धा. दाराआडून ऐकलं होतं म्हणे त्यानं. आणि 'झोडी' हाक मारून बाईनं खरं आहे का विचारलं, तेव्हा आपण काय उत्तर दिलं, तेही. पोरीसमोर मान खाली घालून सांगितलं. पण तुमच्यावरचा राग जराही उतरलेला नाही. बारा वर्षं झाली, सासूबाई. इतका राग धरून ठेवणं बरं नव्हे. तुम्ही तरी फोन करा एकदा त्याला. मोठ्या आहात."

"कुठे अडखळला का सांगताना?"

"कशाला अडखळेल?"

"मी विचारते त्याचं उत्तर दे. कुठे थांबला? काही मागेपुढे झालं? एखादं नाव, एखादी गोष्ट?"

नलिनी म्हणाली, "नाही. मी तिथेच बसले होते. एक अक्षर चुकला नाही तो."

"एकही नाही?"

"एकही नाही, आई."

इतक्या वर्षांत तिने मला 'आई' म्हटले नव्हते. मी तिकडे लक्ष दिले नाही.

"मग राहू दे त्याला रागावलेला," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.